वऱ्हांड्यातलं गणित

माझ्या बाबांना मी कापड विणताना जेवढं पाहिलं, जवळजवळ तेवढंच विणलेलं कापड उकलताना पाहिलं आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात, विणकरांच्या पुऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यातली मोठी खोली मागाची. माणसं उरलेल्या जागेत राहायची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बाबा बसलेले, पायाखाली दाबायच्या पावड्या, हातात धागा फेकायचा धोटा. सकाळी डोळे उघडायच्या आधी तो आवाज कानात शिरायचा. आधी आमचा माग, मग भिंतीपलीकडचा, मग गल्लीभर. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही. आम्हाला उलट, माग मध्येच बंद पडला की जाग यायची.

बाबा कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणायचे, करवतीच्या काठाची. मधासारख्या रंगाचं अंग आणि दोन्ही बाजूंनी लाल काठ. त्या काठाचे करवतीसारखे दाते अंगात शिरलेले. हे दाते छापत नाहीत, वरून भरतही नाहीत, विणता विणताच होतात. अंगाचा एक धोटा आणि काठांचे दोन, असे तीन धोटे चालतात. प्रत्येक फेकीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवून मागे फिरवायचा. अडकायची जागा दर फेकीला थोडी आत सरकते, दात्याच्या टोकाला पोचली की तशीच थोडी थोडी बाहेर येते. हे काम एका माणसाच्या दोन हातांचं नाही. उजव्या अंगाला दुसरं कोणीतरी बसावं लागतं. तिथं माझी माय बसायची आणि ती चुलीपाशी गेली की मी. अक्षरं शिकायच्या आधी मी तिथं मोजायला शिकले. किती फेकींनी दाता टोकाला पोचतो, कितीनं परत येतो, एका हातभर काठात किती दाते बसतात, हे मला कोणी शिकवलं नाही. मोजल्याशिवाय तिथं बसताच येत नव्हतं.

आणि कधी कधी चुकायचं. एखादा दाता एका धाग्यानं आखूड व्हायचा. ते लक्षात यायचं तोवर पुढं चार बोटं कापड विणून झालेलं असायचं. बाबा हात थांबवायचे, वाकून पाहायचे आणि उलटे निघायचे, एकेक धागा मोकळा करत. विणायला लागला त्याच्या तिप्पट वेळ उकलायला लागायचा, कारण कोशाचा धागा रागावलेल्या माणसासारखा तुटतो. तोवर ताटं खोळंबायची. लाखोरीची डाळ निवून घट्ट व्हायची, अंबाडीच्या भाजीवर तेलाचा थर धरायचा, आणि माय दारातून म्हणायची, "कोनाले दिसते जी तो एक धागा? नेसल्यावर निऱ्यांत जाते तो."

"मले दिसला न," बाबा म्हणायचे. "आता तो न दिसल्यावानी कसा करू?"

यावर माय दर वेळी कपाळाला हात लावायची आणि दर वेळी उजव्या अंगाला येऊन बसायची.

असं घर मागे ठेवून मी शाळेत जायचे. आमच्या गावाला हायस्कूल होतं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज सांगून पटणार नाही. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं चिखल तुडवत यायची, तलावाच्या पाळीवरून, धानाच्या बांध्यांवरून. मी घरातून निघून घंटा होईपर्यंत पोचायचे. आमच्या सात पिढ्यांत कोणी मॅट्रिक पाहिली नव्हती. त्या शाळेनं मला काय दिलं हे मी विसरलेले नाही. शाळेचं नाव मात्र इथं लिहीत नाही, कारण ती अजून चालू आहे, आणि मी जे सांगणार आहे ते तिच्या एकटीचं नाही.

मुख्याध्यापकांना सगळं गाव मोठे सर म्हणायचं. आम्हाला गणित तेच शिकवायचे. खादीचा सदरा, पायांत चपला, हातात खडूची डबी. त्यांनी कधी कोणाला मारलं नाही. पाऊस लागला की खेड्यांतल्या पोरांना आपल्या घरी झोपवून घ्यायचे, त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही बाई म्हणायचो, भात वाढायच्या. माझी पुस्तकं पाच वर्षं त्यांनीच कुठून कुठून जमवून दिली. त्यांच्या खोलीबाहेर एक काळा फळा होता, त्यावर पांढऱ्या रंगानं मॅट्रिकचा निकाल लिहिलेला असायचा. मी शाळेत होते ती सगळी वर्षं तिथं एकच आकडा पाहिला, शंभर टक्के. आजूबाजूच्या गावांत त्या फळ्याची कीर्ती होती. लोक आपल्या पोरांना दुसरी शाळा सोडून आमच्याकडे घालायचे.

तो आकडा कसा टिकतो हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि शिकवण्याची पद्धत त्याच्यासाठीच बेतलेली आहे हेही नाही. सर फळ्यावर प्रमेय लिहायचे, आम्ही उतरवायचो, घरी पाठ करायचो, दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचो. आठव्या वर्गात एकदा चाचणीत मी त्रिकोण उलटा काढला, टोक खाली आणि पाया वर, आणि पुस्तकातल्या कखगच्या जागी पफब अशी नावं दिली. खोडी काढायची नव्हती. मागावर बसून बसून दाता कोणत्याही अंगानं पाहायची सवय लागली होती आणि मला वाटलं, त्रिकोणालाही चालत असेल. सिद्धता बरोबर होती. सरांनी अर्धेच गुण दिले. मी वही घेऊन गेले तेव्हा ते रागावले नाहीत. मायेनं म्हणाले, "बेटा, डोकं वापरायला गेलं की चूक होते. पुस्तकात आहे तसं लिहायचं. पेपर तपासणारा माणूस थकलेला असतो, त्याला नवीन दिसलं की तो काट मारतो."

मी मान हलवली. पुढच्या चाचणीत त्रिकोण सरळ काढला. पूर्ण गुण मिळाले आणि मला आनंद झाला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण असं काही घडतं तेव्हा मूल रडत नाही, ते खूश होतं.

त्या काळी नवव्या वर्गात जाताना गणिताचे दोन रस्ते होते. एक बीजगणित आणि भूमितीचा, दुसरा सामान्य गणिताचा. पहिला घेतला तर पुढे कॉलेजात विज्ञान, नाहीतर नाही. दुसऱ्यात पास होणं सोपं होतं. आठव्याची परीक्षा संपली तेव्हा वर्गशिक्षकांनी सगळ्यांच्या हातात एकेक अर्ज दिला आणि पालकांची सही आणायला सांगितली. विषय आधीच लिहिलेले होते. माझ्या अर्जावर सामान्य गणित लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि मला काहीच वाटलं नाही. सरांनी लिहिलंय म्हणजे विचार करूनच लिहिलं असेल.

बाबांना सही मीच शिकवली होती. 'दौलत' लिहायला त्यांना अर्धा दिवस लागायचा असं माय चिडवायची. त्यांनी हात पुसले, विचारलं, "मोठ्या सरांनं देल्ला न?" मी हो म्हटलं. त्यांनी सही केली. विणकराचा एक शिरस्ता असतो: ज्याचं काम आहे त्याच्या कामात बोट घालायचं नाही. रंगारी रंग देतो, आपण धागा घेतो. शिकवायचं काम सरांचं. ज्या माणसानं एक धागा चुकला म्हणून चार बोटं कापड उकललं, त्यानं पोरीचा कागद वाचून घ्यायलाही सांगितलं नाही. ही चूक आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. शिकलेल्या घरातल्या बापानं दहा प्रश्न विचारले असते.

नववा वर्ग सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात गणिताच्या तासाला आमचा वर्ग दोन ठिकाणी बसला. बीजगणितवाले आत, बाकावर. सामान्यवाले बाहेर वऱ्हांड्यात, सतरंजीवर. आत बारा मुलं होती, सगळे मुलगे: मालगुजारांच्या, म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या घरचे, दुकानदारांचे, डॉक्टरांचा एक. बाहेर विणकरपुऱ्यातले सगळे, तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांची पोरं आणि वर्गातल्या झाडून सगळ्या मुली. आम्हाला ड्रॉइंगचे सर टक्केवारीची उदाहरणं घालून द्यायचे आणि शिंगाडे सोलत बसायचे. माझ्या शेजारी सिंधू बसायची. ती शेतकऱ्याची पोरगी, पलीकडच्या खेड्यातून यायची. तिचं उदाहरण माझ्या आधी व्हायचं, नेहमीच. ते झालं की आम्ही दोघी भिंतीला कान लावायचो. आतून मोठ्या सरांचा आवाज यायचा, "क्ष बरोबर..." आणि मग खडू घासल्याचा आवाज, आणि खडू जे सांगत होता ते भिंतीतून येत नव्हतं.

"काय असन वं हे क्ष?" सिंधूनं एकदा विचारलं.

"जे मालूम नाही ते," मी म्हटलं. एवढं मला आतल्या एका मुलाच्या वहीवरून कळलं होतं.

"मंग तं आपल्यालेच शिकवाले पायजे," ती म्हणाली. "आपल्याले काईच मालूम नाई." आणि आम्ही इतक्या हसलो की ड्रॉइंगच्या सरांनी आम्हाला उभं केलं.

पोळ्याच्या सुट्टीत सिंधूचा मोठा भाऊ नागपूरहून आला होता. सामान्य गणित घेतलं की विज्ञानाचं दार बंद, हे त्यानंच आम्हाला सांगितलं. सिंधूनं खांदे उडवले. मी घरी आले, उजव्या अंगाला बसले आणि मला मोजता येईना. तीन फेकींत दोनदा चुकले. बाबांनी पाय थांबवले.

"काय झालं, कुसमे?"

मी सांगितलं. मला डॉक्टर व्हायचं आहे, इंजिनिअर व्हायचं आहे, असलं काही सांगितलं नाही. तसं काही नव्हतंच. एवढंच म्हटलं, की आत काहीतरी शिकवतात, ते मला येऊ शकतं, आणि ते मला येणार नाही असं कोणीतरी आधीच लिहून टाकलं आहे.

माय चुलीजवळून म्हणाली, "पास तं होशीन न? मंग कायले जीव काढून राहिली?"

बाबांनी धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या कागदावर सही कोनाची हाय?"

"तुमची."

"तू मले वाचून दाखोवलं नाई."

"तुमी इचारलंच नाही, बाबा."

"नाई इचारलं," ते म्हणाले. "खरं हाय. चूक माही हाय, तं उकलाले बी मलेच लागन."

दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून शाळेत आले. बाबांना शाळेत मी पहिल्यांदाच पाहत होते. खड्ड्याबाहेर, उजेडात ते मला फार लहान दिसले. मोठ्या सरांनी उठून त्यांना खुर्ची दिली, मला दाराशी उभं राहू दिलं. बाबा खुर्चीच्या अगदी टोकावर बसले आणि म्हणाले की पोरीला आत बसवा.

"दौलतजी," सर म्हणाले, "तुमची पोरगी हुशार आहे. मी नाही म्हणत नाही. पण मध्यम हुशार आहे. भूमिती म्हणजे खेळ नाही. ती नापास झाली तर तुमचं घर पुन्हा पोरीला शिकवेल? मी तिला सुरक्षित जागी ठेवलं आहे. पास होईल, डी.एड. करेल, मास्तरीण होईल. आणखी काय पाहिजे?"

"सर, तुमी मागच्या साली बाईंच्यासाठी माह्याकडून लुगडं नेलं," बाबा म्हणाले. "तवा तुमी काठ दोन्ही अंगानं उजेडात धरून पाह्यला होता. एक एक दाता. मी तुमाले मध्यम लुगडं देल्लं असतं तं तुमी नेलं असतं का?"

सर हसले नाहीत. ते म्हणाले, "कापड आणि लेकरू सारखं नसतं. मी नोकरीला लागलो तेव्हा तुमसरच्या पलीकडे एका गावात होतो. तिथं माझ्या वर्गातली एक पोरगी गणितात नापास झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तलावात गेली. तिला त्या परीक्षेला मीच बसवलं होतं. त्या दिवसापासून मी कोणाला नापास होऊ दिलं नाही. लोक म्हणतात, सरांना फळ्याचा गर्व आहे. म्हणू द्या."

मला वाटलं, झालं. याच्यापुढे बाबा काय बोलणार. मी स्वतः सरांच्या बाजूची झाले होते.

बाबांनी खाली पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "वाईट झालं, सर. पन ती पोरगी नापास झाली म्हनून गेली, का नापास झाल्यावर घरच्यायनं जे म्हटलं त्यानं गेली?"

सरांनी खडूची डबी सरळ करून ठेवली.

"माह्या घरी कोनी काई म्हननार नाई," बाबा म्हणाले. "मी लिहून देतो."

शेवटी तसंच ठरलं. सरांनी मला आत बसायची परवानगी दिली, पण परीक्षेचा अर्ज शाळेतून भरला जाणार नव्हता. मी बाहेरून बसायचं, खाजगी विद्यार्थी म्हणून. म्हणजे मी बुडाले तरी फळा कोरडा. त्यासाठी जबाबदारीचं पत्र हवं होतं. ते मी लिहिलं, बाबांनी सांगितलं. सरांना हवी असलेली ओळ झाल्यावर बाबांनी आणखी एक ओळ घालायला लावली: 'पोरगी नापास झाली तर घरातले कोणी तिला एक शब्द बोलणार नाहीत.' मग ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि सही केली.

इथं मला थोडं थांबून बोलायचं आहे. गेल्या वर्षी मी नातवाच्या शाळेत पालकसभेला गेले होते. नागपुरातली मोठी शाळा, काचेचे दरवाजे, मुलांना चार भाषा शिकवतात. त्याच्या बाई गोड हसून मला म्हणाल्या, "ॲव्हरेज आहे तो, आजी, पण खूप छान मुलगा आहे. टेन्शन घेऊ नका." मी म्हटलं, तुम्ही त्याला काय देऊन पाहिलं जे त्याला जमलं नाही? त्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी त्याच्या चाचण्यांचा तक्ता दाखवला. मी पुन्हा विचारलं, तर सूनबाईनं माझा पदर ओढला. मी म्हातारी झाले आहे, माझा पदर लोक ओढतात, पण मी विचारायचं सोडणार नाही. आपल्या देशात मुलांना वाईट शिकवतात असं माझं म्हणणं नाही. भागेल एवढं शिकवतात. पहिल्या दोन-तीन पोरांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लावतात आणि उरलेल्यांच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांना सतरंजीवर बसवतात. घर, शाळा, शेजार, सगळे मिळून पोराला सांगतात की फार ताणू नको, तुटशील. हे प्रेमानं सांगतात म्हणून त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. मी म्हणते. आणि मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, मीही हा गुन्हा केलेला आहे; निकालाच्या आठवड्यात, वर्गात साठ पोरं असताना, कोणाकोणाकडे पाहून मीही मनात म्हटलं आहे की याला एवढं पुरे. म्हणून तर जोरात म्हणते.

आत बसणं सोपं नव्हतं. माझे दोन महिने बुडाले होते. बारा मुलगे मला बाहेरवाली म्हणायचे. शेवटच्या बाकावर मी एकटी बसायचे आणि दारातून मला वऱ्हांड्यातली सतरंजी दिसायची, सिंधूची वेणी दिसायची. पहिल्या दिवशी तिनं मला वळून हात केला. नंतर वळायची बंद झाली. क्षची मला भीती वाटली नाही, तो मला लवकर समजला. भूमितीनं मात्र घाम काढला, कारण मला पाठ करायचं नव्हतं आणि सर तर पाठच करून घ्यायचे. मी काही विचारलं की ते पुस्तकातलं पान सांगायचे. मी म्हणायचे, ते वाचलं आहे, पण हे असंच का? ते म्हणायचे, पुढच्या वेळी सांगतो. तीन वर्षांत ती पुढची वेळ आली नाही.

मॅट्रिकला मी नापास झाले. गणितात, सहा गुणांनी. शाळेचा निकाल फळ्यावर लागला, शंभर टक्के. सिंधू पास झाली, सामान्य गणितात तिला शहाऐंशी गुण होते.

निकाल कळला त्या दुपारी माय शेजारणीच्या ओट्यावर होती. घरात आली, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. बाबा खड्ड्यातून म्हणाले, "मी सरांले लिहून देल्लं हाय." मायनं तोंड मिटलं. तिचा चेहरा लाल झाला होता. ती तशीच मागे वळली आणि तिनं दारात उभ्या असलेल्या शेजारणीला गाठलं; ती मागोमाग आली होती, मजा पाहायला.

"काय वं, लटकली न पोरगी?" शेजारीण म्हणाली. "सर तं आधीच सांगून राहिले होते."

"लटकली तं लटकली," माय म्हणाली. "वर चढली तवा लटकली. तुहा लेक तं झाडापाशी बी नाई गेला."

माझ्या मायनं माझ्या शिक्षणाच्या बाजूनं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. रात्रीच्या जेवणाला तिनं मुद्दाम लाखोरीचे वडे केले, जसे पास झाल्यावर करतात, आणि कोणी का असं विचारू नये म्हणून आदळआपट करत वाढले. बाबांनी जेवताना एकच विचारलं, "कोनत्या जागी चुकलं ते मालूम हाय का?"

"हो."

"मंग तेथूनच धर."

ऑक्टोबरात मी पुन्हा बसले आणि पास झाले. त्रेपन्न गुण. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही हे मला माहीत आहे. गुणपत्रिका घेऊन मी मोठ्या सरांकडे गेले. पेढे नेले नाहीत. माझ्या मनात राग होता आणि मला तो त्यांना दाखवायचा होता. शाळा सुटली होती, ते एकटेच खोलीत होते. त्यांनी कागद पाहिला.

"त्रेपन्न," ते म्हणाले. "सामान्य गणितात नव्वद पडले असते तुला."

"ते नव्वद मला नको होते, सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. मला वाटलं आता रागावतील. ते म्हणाले, "कोणता प्रश्न सुटला नाही?"

मी प्रश्नपत्रिका काढली. दोन रेषा एकमेकींना छेदतात, त्यांच्या मध्ये एक बिंदू दिला आहे. त्या बिंदूतून जाणारं आणि दोन्ही रेषांना स्पर्श करणारं वर्तुळ काढा आणि सिद्ध करा. सरांनी पाठकोरा कागद घेतला, रेषा आखल्या, बिंदू मांडला. पेन्सिल थांबली. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं, चाळलं. हे त्यात नव्हतं. पुन्हा कागदाकडे आले. शिपाई कुलूप लावायला आला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग पेन्सिल ठेवून माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मला येत नाही. मला कधी येतच नव्हतं, कुसुम. मीसुद्धा वऱ्हांड्यातलाच. मास्तर व्हायला भूमिती लागत नव्हती. इथं आलो तर शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून पुस्तक पाठ केलं. वीस वर्षं पाठ म्हणतो आहे. तू 'का' विचारायचीस तेव्हा म्हणूनच पान सांगायचो."

मी त्यांना माफ केलं असं लिहिलं तर हे पान गोड होईल. मी केलं नाही. सिंधू आता भंडाऱ्याजवळच्या शहापूरला असते. हायवेला लागून तिच्या मुलाचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि सगळा हिशेब ती अजून तोंडी करते, मुलगा कॅल्क्युलेटरवर पोचायच्या आत. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. चहा पिताना ती सहज म्हणाली, "तुह्या बापानं सही उकलली, माह्या बापाले मी सांगतलंच नाई. मले वाटे, सर म्हंतेत तं आपन तेवढेच." तिनं हे तक्रार म्हणून म्हटलं नाही, आणि म्हणूनच मी त्या दिवशी चहा तसाच ठेवून उठले. त्या फळ्यावरच्या शंभरांत ती आहे. तिचं काय नुकसान झालं हे कुठल्याही निकालात दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचा जाब मी कोणाला विचारायचा? मोठ्या सरांना? त्यांचं नुकसान ज्यांनी केलं त्यांना? मी सगळ्यांनाच विचारते.

पण त्या संध्याकाळचं आणखी थोडं सांगायचं राहिलं. सरांनी तो कागद मला दिला नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "सुटलं तर मला कळव."

मी भंडाऱ्याला कॉलेजात गेले, आमच्या घरातून कॉलेजात जाणारी पहिली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला एका दुपारी, दुसरंच काही शिकत असताना, मला ते वर्तुळ एकदम दिसलं. आधी कोणतंही एक लहान वर्तुळ काढायचं, दोन्ही रेषांना टेकलेलं, आणि मग ते वाढवत वाढवत त्या बिंदूपर्यंत न्यायचं. मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि बारीक अक्षरात आकृतीसकट सगळी सिद्धता लिहून सरांना पाठवली. बाकी काही लिहिलं नाही, नमस्कारसुद्धा नाही. माझा राग तेव्हाही होता.

पंधरा दिवसांनी उत्तराचं कार्ड आलं. सरांचं वळणदार अक्षर मी ओळखलं. मला वाटलं शाबासकी असेल, आशीर्वाद असतील, त्यांच्या पिढीची माणसं लिहायची तसं काहीतरी. पत्ता सोडला तर कार्डावर एकच ओळ होती.

'तिसऱ्या पायरीचं कारण दिलेलं नाही.'

मी वही काढली. मग माझी सिद्धता पुन्हा मांडली. कारण खरंच दिलेलं नव्हतं. मला ते उघड वाटलं होतं, आणि ते उघड नव्हतं. ते शोधायला मला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दुसरं कार्ड घेतलं, कारण लिहिलं आणि यावेळी वर 'सादर प्रणाम' असं लिहून पेटीत टाकलं.